कीड, नुकसान, उपाय – आणि ‘कशावरून?’

वाळवे तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. आठवीतल्या दोन मुलींनी ‘उसावरील किडी’ असा तक्ता केला होता. पांढऱ्या कार्डशीटवर तीन रकाने आखलेले. पहिल्यात किडीचे नाव, दुसऱ्यात नुकसान, तिसऱ्यात उपाय. खोडकिडा, कांडीकिडा, पाकोळी, हुमणी, लोकरी मावा अशा पाच ओळी. अक्षर सुबक, चित्रे रंगवलेली. लोकरी माव्यापुढच्या उपायाच्या रकान्यात एका औषधाचे नाव आणि ‘दहा लिटर पाण्यात इतके मिलिलिटर’ असे प्रमाण दिले होते.

मी विचारले, “या औषधाने मावा जातो, हे कशावरून?”

पहिली मुलगी म्हणाली, “पुस्तिकेत दिलंय.” दुसरी जरा थांबली आणि हळूच म्हणाली, “आमच्या आबांनी मारलं होतं. पण ते म्हणतात, औषधानं नाही गेला तो. नंतर आपोआपच गेला.” पहिलीने तिला कोपराने ढोसले. परीक्षकासमोर असे बोलायचे नसते, हे तिला ठाऊक होते.

मला मात्र दुसरे उत्तर अधिक मोलाचे वाटले. ते बरोबर होते म्हणून नव्हे. ‘आपोआप’ हे काही शास्त्रीय उत्तर नाही. पण त्या उत्तरात एक निरीक्षण होते आणि तक्त्याशी न जुळणारी एक शंका होती. तक्त्यात त्या शंकेला जागाच नव्हती. या लेखात मी त्या मुलींच्या तक्त्याची नव्हे, तर ज्या साच्यातून तो तयार झाला त्या साच्याची तपासणी करणार आहे. तो साचा आपल्या ओळखीचा आहे. खतांच्या दुकानातल्या भित्तिपत्रकावर, शेतीच्या दैनंदिनीत, हंगामाच्या पुस्तिकेत आणि आपण वर्गात फळ्यावर लिहून देतो त्या टिपणातही तो असतो.

तक्त्याचे गुण

टीका करण्यापूर्वी तक्त्याचे गुण मान्य केले पाहिजेत. ज्याच्या शेतात कीड पडली आहे, त्याला इतिहास नको असतो. आज काय करायचे ते हवे असते. डॉक्टरांची चिठ्ठी जशी थोडक्यात असते, तसा हा तक्ता असतो. ओळख पटवायलाही तो उपयोगी पडतो. खोडकिड्यामुळे सुरुवातीच्या वाढीत पोंगा मरतो, हुमणी मुळ्या खाते म्हणून ऊस वाळतो आणि ओढला तर सहज उपटून येतो, ही माहिती पाठ असणे चांगलेच.

अडचण पुढे येते. चिठ्ठी म्हणजे वैद्यकशास्त्र नव्हे, तसा उपायांचा तक्ता म्हणजे कीटकशास्त्र नव्हे. चिठ्ठी लिहिणाऱ्याने आधी रोगी तपासलेला असतो. आपला तक्ता मात्र शेत न पाहताच लिहिलेला असतो. किडी किती आहेत, पीक किती महिन्यांचे आहे, किडीला खाणारे कोणी शेतात आहे का, शेजारच्या शेतात काय चालले आहे, यांपैकी काहीही त्यात विचारलेले नसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उपायाने गुण येतो हे कशावरून ठरले, याचा त्यात मागमूस नसतो. विद्यार्थी यातून किडी शिकतो की नाही कोण जाणे. पण उत्तर छापलेले असते आणि प्रश्न विचारायचा नसतो, एवढे नक्की शिकतो.

हा साचा किती अपुरा आहे, हे पाहायला सांगली-साताऱ्याइतके चांगले ठिकाण नाही. कारण उसावरच्या लोकरी माव्याचे सगळे प्रकरण येथेच सुरू झाले.

२००२चा पावसाळा

जुलै २००२मध्ये सांगली जिल्ह्यातील उसावर पांढऱ्या लोकरीसारखे काहीतरी दिसू लागले. पानाच्या खालच्या बाजूला मध्यशिरेलगत कापसाचा थर दिल्यासारखी वसाहत, आणि खालच्या पानांवर चिकट चकाकी. पुढे त्या चिकट थरावर काळी बुरशी वाढे आणि पाने काजळी धरल्यासारखी दिसत. सप्टेंबरपर्यंत ही कीड बेळगाव भागात पोहोचली. सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, अहमदनगर असे करत पश्चिम महाराष्ट्राचा ऊसपट्टा तिने व्यापला.

त्या वेळी मी महाविद्यालयात होते. कराडजवळच्या आमच्या गावी सुट्टीत गेले, तर उसातून बाहेर येणाऱ्या माणसाच्या डोक्यावर, खांद्यावर पांढरी लोकर चिकटलेली असे. आडसाली ऊस दहा फूट वाढलेला. पाठीवरचा पंप घेऊन आत शिरायला जागा नाही. माझे चुलते तोंडाला टॉवेल बांधून कडेच्या चार सऱ्या फवारत. आत जाणे शक्यच नव्हते.

हा कीटक म्हणजे सेराटोव्हॅक्युना लॅनिजेरा. शास्त्राला तो नवा नव्हता. झेन्टनर यांनी १८९७मध्ये जावातील उसावरून त्याचे वर्णन केले होते. भारतातही पश्चिम बंगालमधून त्याची नोंद १९५०च्या दशकातच झाली होती आणि ईशान्य भारतात तो माहीत होता. नवा होता तो दख्खनच्या ऊसपट्ट्याला.

त्याची जीवनपद्धती लक्षात घेतली की पुढचे सारे समजते. वसाहतीत दिसतात त्या सर्व माद्या असतात. नराशिवायच त्यांना पिल्ले होतात, तीही अंडी न घालता थेट. पिल्ले सोंड खुपसून रस पितात. रसात साखर भरपूर आणि प्रथिने कमी. म्हणून पुष्कळ रस पिऊन जास्तीची साखर बाहेर टाकावी लागते. पानावरचा चिकटा तो हाच. अंगावरची लोकर म्हणजे मेणाचे तंतू. त्यांच्यावरून पाणी ओघळून जाते, मग औषधाचे पाणीही ओघळले तर नवल नाही. गर्दी वाढली की पंख असलेल्या माद्या तयार होतात आणि वाऱ्याबरोबर दुसऱ्या शेतात जातात. एवढेच नव्हे, तर पहिल्या अवस्थेतील पिल्ले डोक्यावरच्या टोकदार शिंगांनी भक्षकावर चाल करून जातात, असे जपानी संशोधकांनी १९८०च्या दशकात नोंदवले आहे.

आता ही कीड आली कोठे ते पाहा. कृष्णा, वारणा, कोयना यांच्या काठी ऊस बारा महिने उभा असतो. आडसालीची लागण जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सुरू ऊस जानेवारी-फेब्रुवारीत, शिवाय खोडवा. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात राहतो, म्हणजे एकाच पिकावरून दोन पावसाळे जातात. एक शेत तुटते तेव्हा बांधापलीकडे दुसरे हिरवे असते. तोडणीनंतर जनावरांसाठी वाढे गाड्या भरून गावोगाव जातात. माव्याला यापेक्षा चांगली सोय कोणती हवी? पण तक्त्याच्या ‘कीड’ या रकान्यात फक्त कीटकाचे चित्र असते. त्याला पोसणारी पीकपद्धती चित्राबाहेर राहते.

पहिली कथा : औषधाने मावा गेला

मावा आल्यावर फवारणी, धुरळणी, जमिनीत दाणेदार औषध असे सर्व उपाय झाले. वापरलेल्या औषधांत सेंद्रिय फॉस्फरस गटातली जहाल औषधेही होती. त्या काळात दाणेदार औषध म्हणून सर्रास मिळणाऱ्या फोरेटवर भारतात २०२०च्या अखेरीस बंदी आली. ‘उपाय’ या रकान्याला तारीख लागते, हेही यातून दिसते. जुनी पुस्तिका पाहून केलेल्या तक्त्यात आज बंदी असलेले औषध सहज येऊ शकते, आणि ते मुलांच्या हस्ताक्षरात भिंतीवर लागते.

औषधाने मावा मरत नव्हता का? मरत होता. जिथे औषध पोहोचले तिथे तो दुसऱ्या दिवशी मेलेला दिसे. तक्ता लिहिणारा खोटे बोलत नाही. प्रश्न आहे तो दुसऱ्या दिवसानंतरचा.

वर्गात एक सोपे गणित करता येईल. समजा, एका मादीला ३० पिल्ले होतात. (हा आकडा हिशेबाच्या सोयीसाठी घेतला आहे.) शेताच्या एका कोपऱ्यात १००० मावे आहेत. औषधाने ९० टक्के मेले. दुसऱ्या दिवशी पाहणाऱ्याला रान स्वच्छ झालेले दिसेल. पण १०० उरले आहेत. त्यांना खाणारे कोणी नसेल, तर पुढच्या पिढीत १०० × ३० म्हणजे ३००० होतील. फवारणीपूर्वी होते त्याच्या तिप्पट.

आता उलट हिशेब करू. संख्या १०००वरच स्थिर राहायची असेल, तर प्रत्येक ३० पिल्लांतली २९ मरायला हवीत. म्हणजे जवळजवळ ९७ टक्के, आणि तेही एकदा नव्हे, प्रत्येक पिढीत. ३०पैकी २८च मेली तर संख्या दर पिढीला दुप्पट होईल. एका पिल्लाचा फरक, पण परिणाम किती वेगळा! आठवडे-पंधरवड्यातून एकदा आणि तेही कडेच्या चार सऱ्यांत पोहोचणारे औषध हे काम करू शकेल का? आणि त्याच औषधाने माव्याला खाणारे कीटकही मेले, तर ते काम कोण करणार?

‘मेलेला मावा दिसला’ आणि ‘मावा आटोक्यात आला’ ही दोन वेगळी विधाने आहेत. तक्ता पहिल्याला दुसरे समजतो. ही माझ्या मते त्याची सर्वांत मोठी चूक आहे.

दुसरी कथा : मित्रकीटकांनी मावा संपवला

दुसरी कथा गेल्या काही वर्षांत अधिक ऐकू येते आणि आमच्यासारख्या कीटकशास्त्रज्ञांना ती प्रियही आहे. मावा पसरल्यावर काही महिन्यांतच त्याच्या वसाहतींत दुसरे कीटक दिसू लागले. डिफा अफिडीव्होरा हे पतंगवर्गातील कीटक. त्याची अळी मावा खाते. त्या काळी शेतकरी तिला ‘कोनोबाथ्रा’ या जुन्या नावाने ओळखू लागले होते. ‘अळी दिसली की मारा’ असे शिकलेल्या आपल्यासाठी ही मोठीच उलटापालट होती. अळी असून ती पानाला तोंड लावत नाही. दुसरा मायक्रोमस इगोरोटस, जाळीदार पंखांचा लहानसा तपकिरी कीटक. त्याच्या अळ्या आणि प्रौढ दोन्ही मावा खातात. शिवाय बंगळुरूच्या तेव्हाच्या जैविक कीड नियंत्रण प्रकल्प संचालनालयाने ईशान्य भारतातून एन्कार्शिया फ्लॅव्होस्क्युटेलम ही सूक्ष्म परोपजीवी गांधीलमाशी आणली. ती माव्याच्या शरीरात अंडी घालते आणि तिची अळी आतून मावा पोखरते.

कृषी विद्यापीठे, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि साखर कारखाने यांनी हे मित्रकीटक वाढवून शेतांत सोडले. शेडनेटखाली मावा लागलेला ऊस ठेवून त्यावर डिफा वाढवण्याची पद्धत बसवली गेली. दोन-तीन हंगामांत मावा ओसरला. पुढेही तो अधूनमधून दिसत राहिला, पण २००२-०४सारखा उद्रेक पुन्हा झाला नाही.

ही कथा पहिलीपेक्षा सुंदर आहे, आणि म्हणूनच तिच्याबाबत अधिक सावध राहिले पाहिजे. तिलाही तोच प्रश्न विचारू : कशावरून?

त्याच वर्षांत आणखी काय घडले ते आठवून पाहा. २००३मध्ये महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. उसाचे क्षेत्र घटले, उभा ऊस चाऱ्याला गेला. राज्याचे साखर उत्पादन २००२-०३मध्ये ६० लाख टनांच्या पुढे होते, ते २००४-०५मध्ये २२ लाख टनांच्या आसपास आले. एवढी घट माव्यामुळे झाली असे काही जण सांगतात. पण यात दुष्काळाचा वाटा किती आणि माव्याचा किती, हे नुसत्या या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. ऊसच कमी झाला, तर मावाही कमी होणार. मग २००५च्या जुलै-ऑगस्टमध्ये अतिवृष्टी झाली आणि सांगलीत कृष्णेला महापूर आला. मावा नाहीसा होण्याचे श्रेय काही गावांत आजही पावसालाच दिले जाते.

म्हणजे एकाच घटनेचे चार दावेदार झाले : औषध, दुष्काळ, पाऊस आणि मित्रकीटक. घटना एकामागून एक घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असे म्हणता येत नाही, हे आपण मुलांना शिकवतो. हाच नियम आपल्या आवडत्या कथेलाही लावला पाहिजे. मित्रकीटकांचा तक्ता करून त्यात औषधाच्या जागी ‘डिफाच्या अळ्या सोडा’ एवढे लिहिले, तर साचा तोच राहतो. फक्त बाटली बदलते.

पुरावा कसा गोळा करतात?

मग ठरवायचे कसे? ज्याचा परिणाम पाहायचा, तेवढी एक गोष्ट काढून टाकायची आणि बाकी सर्व तसेच ठेवायचे. कॅलिफोर्नियातील पॉल डिबॅक यांनी १९४०च्या दशकात यासाठी एक नामी युक्ती वापरली. लिंबूवर्गीय फळबागांत पिठ्या ढेकूण, खवले कीड असे चिकटून बसणारे कीटक असतात. त्यांना खाणारे कीटक खरोखर काही काम करतात की नाही, हे पाहण्यासाठी त्यांनी काही झाडांवर मुद्दाम डीडीटी फवारले. डीडीटीने किडीपेक्षा तिचे शत्रू अधिक मरत. शत्रू मेलेल्या झाडांवर कीड वाढली. शेजारच्या न फवारलेल्या झाडांवर ती कमीच राहिली. हवा, पाऊस, जमीन दोन्हीकडे सारखी होती. म्हणजे फरक शत्रूंमुळे होता. औषध येथे उपाय म्हणून नव्हे, तर प्रश्न विचारण्याचे साधन म्हणून वापरले होते!

दुसरे उदाहरण आपल्या प्रकरणाशी अधिक जवळचे आहे. १९५४च्या सुमारास कॅलिफोर्नियात लसूणघासावर ठिपक्यांचा मावा नव्याने आला. तोही पाहुणा कीटक, तोही झपाट्याने पसरणारा. जहाल औषधांना तो लवकरच दाद देईनासा झाला, आणि त्याला खाणारे ढालकिडे मात्र त्या औषधांनी मरत. स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चौघांनी मोजणी करून दाखवले की, निवडक औषध कमी मात्रेत आणि योग्य वेळी वापरले, तर मावा मरतो आणि ढालकिडेही वाचतात. १९५९मध्ये त्यांनी मांडलेल्या निबंधातून ‘एकात्मिक नियंत्रण’ आणि ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ या कल्पना रूढ झाल्या. कीड दिसली की फवारायचे नाही. तिच्यामुळे होणारे नुकसान उपायाच्या खर्चापेक्षा जास्त होण्याच्या बेतात आले की उपाय करायचा. म्हणजे आधी मोजायचे.

या कसोट्यांवर लोकरी माव्याकडे पाहिले, तर माझे मत असे आहे. दुष्काळाने आणि पुराने मावा घटला असणार, हे नाकारता येत नाही. पण दुष्काळ सरला, उसाचे क्षेत्र पुन्हा वाढले, सोळा-अठरा महिन्यांचा आडसाली ऊस पूर्वीसारखाच उभा राहू लागला, आणि तरीही २००२सारखा उद्रेक परत आला नाही. दुष्काळ किंवा पूर एकदा येऊन जातो. वर्षानुवर्षे रोखून धरण्याचे काम शेतात कायम राहणारेच कोणी करू शकते. शेतांतील नोंदींत मावा वाढल्यामागोमाग डिफा आणि मायक्रोमस वाढताना आणि मग मावा घटताना वारंवार दिसले आहेत. म्हणून ‘मावा कशाने कमी झाला’ याचे उत्तर ‘अनेक कारणांनी’ असे, आणि ‘कमी का राहिला’ याचे उत्तर ‘बहुधा मित्रकीटकांनी’ असे मी देईन. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे दोन्ही कथांत सांगितले जात नाही. त्या मुलीच्या आबांचे ‘आपोआप’ यांपैकी दुसऱ्या प्रश्नाच्या पुष्कळ जवळ जाते.

थांबण्याची किंमत

येथे माझे एक सहकारी हमखास आक्षेप घेतात. ते म्हणतात, “तुम्ही मोजत बसा. शेतकऱ्याने तोवर काय करायचे?” आक्षेप रास्त आहे. भक्षक नेहमी भक्ष्याच्या मागून येतो. आधी मावा वाढतो, मग त्याला खाणारे वाढतात. या मधल्या काळात ज्याचा ऊस काळा पडतो, त्याचे कर्ज थांबत नाही. २००२मध्ये माझ्या चुलत्यांनी कडेच्या सऱ्या फवारल्या, त्या अज्ञानामुळे नव्हे. हात बांधून बसवत नाही म्हणून. मित्रकीटकांची कथा सांगणारे आम्ही ‘धीर धरा’ म्हणतो, तेव्हा त्या धीराची किंमत कोण मोजणार हे सांगत नाही. हा आमच्या कथेतला दोष आहे.

पण याचे उत्तर पुन्हा मोजणीतच आहे. प्रादुर्भाव पसरण्याआधी, चार-दोन पानांवर असतानाच सापडला, तर ती पाने काढून नष्ट करता येतात. मावा लागलेले बेणे आणि वाढे दुसरीकडे नेणे टाळता येते. वसाहतीत डिफाच्या अळ्या आहेत का ते पाहून मगच औषधाचा निर्णय घेता येतो. हे सर्व करायला डोळे लागतात आणि वही लागते. तक्ता या दोन्हींची सवय लावत नाही.

शिवाय काही किडींत एकट्या शेतकऱ्याचा उपाय अपुराच पडतो. मुलींच्या तक्त्यातल्या हुमणीचे उदाहरण घ्या. वळवाचे पहिले पाऊस पडले की तिन्हीसांजेला भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात आणि आपल्याकडे नेहमी आढळणाऱ्या होलोट्रिकिया सेर्राटा या जातीचे भुंगेरे कडुनिंब, बाभळीवर गोळा होतात. त्या थोड्या दिवसांत फांद्या हलवून, प्रकाशसापळे लावून ते गोळा करून मारले, तर अंडी घालणेच टळते. पण भुंगेऱ्याला बांध कळत नाही. एकाने गोळा केले आणि शेजाऱ्याने केले नाहीत, तर काही उपयोग नाही. तीन रकान्यांच्या तक्त्यात ‘केव्हा’ आणि ‘किती जणांनी मिळून’ हे लिहायला जागा नसते. उरते ते ऑगस्टमध्ये मुळाशी टाकायचे औषध, म्हणजे बहुतेक नुकसान होऊन गेल्यावरचे.

शाळेत काय करता येईल?

फवारलेल्या उसात मुलांना नेऊ नये, हे आधी स्पष्ट करतो. त्याची गरजही नाही. शाळेच्या कुंपणाशी, रस्त्याकडेला रुईची झुडपे असतात. हिवाळ्यात त्यांच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा दाटीने बसलेला आढळतो. त्यावर कोणी औषध मारत नाही. नीट पाहिले तर त्यात ढालकिडे, त्यांच्या काळसर अळ्या आणि फुलमाशीच्या बिनपायांच्या अळ्याही दिसतात.

सारख्या दिसणाऱ्या तीन शेंड्यांवरचा मावा मोजा. पहिला शेंडा तसाच ठेवा. दुसऱ्यावरचे भक्षक मऊ कुंचल्याने काढून टाका आणि शेंड्याला पातळ मलमलीची पिशवी बांधा. तिसऱ्याला तशीच पिशवी घाला, पण तिचे तोंड खालून उघडे ठेवा. ही तिसरी पिशवी कशासाठी, हे मुलांना सांगू नका, विचारा. पिशवीच्या सावलीमुळे किंवा वारा अडल्यामुळे मावा वाढला, असे कोणी म्हणाले तर उत्तर काय देणार, या प्रश्नापर्यंत ती आपण होऊन येतील. तीन-तीन दिवसांनी दोन आठवडे मोजणी करा. शक्य तर प्रत्येक प्रकारचे पाच-सहा शेंडे घ्या, म्हणजे एखाद्या शेंड्याच्या लहरीने फसगत होणार नाही. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. हात धुवायला लावा. निकाल अपेक्षेप्रमाणे आला नाही तर तो खोडू नका. तसा का आला असेल, यावर एक तास सहज निघेल.

या प्रयोगाला मलमलीचा तुकडा, दोरा आणि वही यांपलीकडे काही लागत नाही. त्यातून मिळते ती मात्र कार्डशीटवरच्या तक्त्यात न मिळणारी गोष्ट. ‘याला हे खाते’ इतकेच नव्हे, तर ‘हे खाल्ल्यामुळे संख्येत एवढा फरक पडतो’ असे मूल स्वतःच्या मोजणीवरून म्हणू शकते.

त्या दोन मुलींना मी बक्षीस देऊ शकले नाही. तक्ता पुस्तिकेवरून उतरवलेला होता. पण निघताना त्यांना तो परत मागितला आणि उजवीकडे उरलेल्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने एक उभी रेघ मारून वर ‘कशावरून?’ असे लिहिले. लोकरी माव्यापुढे त्या रकान्यात काय लिहायचे, असे पहिल्या मुलीने विचारले. मी म्हटले, आबांना आधी विचार : फवारणी कोणत्या महिन्यात केली, मावा कोणत्या महिन्यात गेला, शेजाऱ्याने फवारले होते का, आणि त्याच्या रानातला केव्हा गेला. दुसरी म्हणाली, “शेजाऱ्यांनी नव्हतं मारलं. त्यांचापण तेव्हाच गेला.”

तिच्याकडे न फवारलेल्या शेताची नोंद होती. फक्त ती लिहायला रकाना नव्हता.